एकोणचाळीस सालासमोरचं शून्य

भाईंदर, १४ जानेवारी १९४६

जना,

वर चिरंजीव आणि खाली आशीर्वाद, ही आपली लिहायची रीत. आज हात वळत नाही. राग गेला की मागाहून पाठवीन.

पोस्टमनने काल तुझा लेख आणून दिला. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात आहे, "दादांस, ज्यांच्या वहीशिवाय हे लिहून झालं नसतं." ओट्यावर बसून मी तो तीनदा वाचला. मी मराठी सातवी पास माणूस, तुझे काही शब्द बोट ठेवून वाचावे लागले. आकडे मात्र लगेच ओळखले. आपल्या सात गावांत कुठल्या साली किती काडीमोडी झाल्या, ते मीच पंचांच्या वहीत टिपून ठेवलं होतं. गेल्या दिवाळीत तू वही मागितलीस. मला वाटलं, भाऊ एवढा एम. ए. झाला, जातीचं काही भलं लिहील.

तुझा तक्ता असा आहे. अठ्ठावीस साली दोन. एकतीस साली पाच. चौतीस साली अकरा. सदतीस साली चार. एकोणचाळीस साली शून्य, आणि तिथून पंचेचाळीसपर्यंत खाली शून्यच शून्य. त्याखाली तू लिहिलंस, "शिक्षण व समाजजागृती यांचा परिणाम या शून्यात स्पष्ट दिसतो."

जना, ते शून्य तुझी पुतणी आहे.

अडतीसच्या जातसभेत ठरावाच्या कलम चारने काडीमोड आणि बायकांचे पाट बंद झाले. ठराव तू लिहिलास, सेक्रेटरी म्हणून मी गावदेवीच्या मांडवात मोठ्याने वाचला. एकोणचाळीसच्या माघात चांगुणा नवऱ्याचं घर सोडून माझ्या दारात आली. कलम चार नसतं तर त्या साली तुझ्या तक्त्यात एक असतं. ठराव होता, म्हणून शून्य आहे. बंद दारापुढे उभं राहून "आज इथून कोणी बाहेर पडलं नाही, घरात सगळे सुखी दिसतात" असं म्हणणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. मुंबईत त्याला विद्वान म्हणत असतील.

तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुझ्या लेखात तो कान कुठे आहे?

दामोदर


३ मार्च १९४६

जना,

तुझं पत्र पोचलं. "दादा, रागावू नका. शास्त्रात व्यक्तीला नाव नसतं, प्रवृत्ती असते."

बरं. मग प्रवृत्तीचं बोलू.

चौतीस साली अकरा काडीमोडी. तू कारण दिलंस मंदीचं: मिठाला उठाव नव्हता, घरोघर ओढाताण होती, म्हणून संसार मोडले. वाचायला छान वाटतं. खरं कारण सांगू? त्या साली म्हातारा पाटील मेला. काडी मोडायची तर आधी दोन बोकड आणि ताडीची मडकी त्याच्या अंगणात पोचवावी लागत, हे तू शिकायला मुंबईत होतास म्हणून तुला ठाऊक नसेल. ज्यांच्याजवळ बोकड नव्हते त्या पोरी चार चार वर्षं माहेरच्या पडवीत झुरत होत्या. तो मेला, त्याच्या जागी धर्मा पाटील आला. तो म्हणाला, "मना बोकड नको, मना फकस्त सुपारी द्या." एका दिवसात नऊ जोडपी त्याच्या अंगणात उभी राहिली. धर्माची बायको म्हणाली, "आज लगीन हाय का बाजार?" वहीत नऊही नावांपुढे तारीख एकच आहे. तू साल पाहिलंस. तारीख पाहिली नाहीस.

दुसरं कारण तू दिलंस, बायका मिठागरावर जाऊन स्वतःच्या हातात मजुरी घेऊ लागल्या आणि नवऱ्याला जुमानीनाशा झाल्या. आपली आई मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून स्वतःच्या हातात मजुरी घेत होती, आणि बाबांचे पाय ती शेवटपर्यंत चेपत होती. हातात मजुरी आल्याने बाई नवरा सोडत नाही. सोडायचाच असेल तर उपाशी मरायची नाही, एवढंच. यात फरक आहे, आणि तो कळायला एम. ए. लागत नाही.

माझं म्हणणं अडाण्याचं असेल. तरी सांगतो. संसार किती मोडले ते काडीमोडीच्या आकड्याने कळत नाही. दाराशी कोण बसलाय आणि तो काय मागतो, तेवढंच कळतं. मोडलेले संसार सगळ्या साली होते. अठ्ठावीसलाही होते, आजही आहेत. वहीत नाहीत इतकंच.

पदूविषयी तू विचारलंस, तो इतका वाईट होता का. चांगुणाचा नवरा तुझ्या ओळखीचा आहे, लग्नात तू त्याच्या शेजारी बसला होतास. तो हलकट निघाला. आणखी लिहायची इच्छा नाही.

दामोदर


२० मे १९४६

जना,

पंधरा तारखेला उत्तनला जाऊन आलो. चांगुणा तीन वर्षं तिथे आहे, टेरेझाबाईंच्या मागल्या खोलीत. बाई ख्रिस्ती, नवरा बोटीवर जातो, ही मासळी सुकवते, चांगुणा तिच्या हाताखाली. तीन वर्षांत मी पहिल्यांदा गेलो. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहितो.

चांगुणा वाळवणावर होती. मी डाव्या बाजूने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं रागावली आहे, म्हणून तसाच उभा राहिलो. टेरेझाबाई ओरडली, "अरे उजव्या अंगाला जा ना, सेक्रेटरी! त्या अंगाला भिंत हाय."

मग तिने मला पाटावर बसवून चहा दिला, आणि चहाबरोबर हेही दिलं: "आमच्यांत काडी न्हाय. देवलात एकदा बांधला का मरेपर्यंत. माजी बहीण तशीच मेली. मी तवा म्हणायची, ते लोक नशीबवान, त्यांच्यांत दार हाय. नि तुमी काय केलास? चांगला दार होता, तुमीच भिंत घातलीत. आनि वर मांडव घालून पोवाडे!"

मी म्हणालो, "ठराव सगळ्यांचा होता, बाई."

"सगल्यांचा होता तं पोरगी सगल्यांनी वाटून घ्यायची होती. माज्या एकटीच्या घरात कशी आयली?"

चांगुणा हसली. तिचं हसू मी किती वर्षांनी पाहिलं, ते मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

परतताना डोंगरीच्या चढावर दम लागून बसलो, तेव्हा ठरवलं की तुला खरं लिहायचं. मागच्या पत्रात पदूला हलकट म्हटलं. तो पुढे झाला. एकोणचाळीसच्या माघात नव्हता.

चांगुणा आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पदू काशीगावाहून चालत माझ्या अंगणात आला. मी देवापुढे पोथी वाचत होतो. त्याच्या हातात भाताच्या पेंढ्याची एक काडी होती. वाटेत कुणाच्या तरी उडवीतून उपसली असेल. तो म्हणाला, "मामा, मारामारी न्हाय, भांडान न्हाय. तिचा नि माजा जमत न्हाय. ती चांगली हाय, मी पन वाईट न्हाय. मोडून टाका. ती मोकली, मी मोकला." चांगुणा दाराआडून म्हणाली, "व्हय बा."

दोघे राजी होते, जना. भांडण नव्हतं. ती एकोणीस वर्षांची होती. आपल्या बापजाद्यांनी अशा दोघांना अर्ध्या घटकेत मोकळं केलं असतं, आणि संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी भात खाल्ला असता.

मी पोथी मिटली आणि कलम चार सांगितलं. पदूच्या हातातली काडी घेऊन चुलीत टाकली. मी म्हणालो, "माझ्या घरातनं सुरुवात झाली तर सात गावं काय म्हणतील?" आणि तिला त्याच्याबरोबर परत धाडलं. तीनदा आली, तीनदा धाडली. तिसऱ्यांदा मीच गाडीत बसवून पोचवली, तेव्हा पदू म्हणाला, "मामा, हिला आता तुमीच माज्या गल्यात बांधतायसा." पुढच्याच साली त्याने दुसरी आणली. पुरुषाला दुसरी करायला आपल्या ठरावातलं एकही कलम आडवं आलं नाही. नको असलेली बायको आणि हवी असलेली बायको एका चुलीवर. बेचाळीस साली त्याने हिच्या कानावर पितळी तांब्या हाणला. पुढे घर सोडलं तेव्हा ती माझ्या दारात आली नाही, उत्तनला गेली. चांगला माणूस होता तो. तीन वर्षांत आपण त्याला तसं केलं.

आपण म्हणजे मी. नि तू.

दामोदर


२ डिसेंबर १९४६

जना,

सहा महिने तुझं पत्र नाही. तुझी बायको आजारी असल्याचं बोरिवलीच्या माणसाकडून कळलं. देव तिला बरं करो. हे मनापासून लिहिलं आहे.

आता कामाचं. आपल्यातलाच काळूराम, मोर्व्याचा, बायको वारलेली, पदरात दोन लहान मुलं, चांगुणाला मागतो आहे. मिठाच्या होडीवर तो उत्तनला जातो, तिथे ओळख झाली. मला येऊन स्पष्ट म्हणाला, "चोरून ठेवनार न्हाय. सोडवून द्या, पाट लावून नेतो. वैशाखापर्यंत थांबतो, पुढं पोरांचा हाल बघवत न्हाय." चांगुणाला मी विचारलं. आधी उजव्या बाजूला बसलो, मग विचारलं. ती म्हणाली, "त्याचा धाकटा माज्या मांडीवर झोपतो, बा."

मी पदूकडे गेलो. आता जाडा झालाय, दमा आहे. अंगणातच म्हणाला, "आठ वर्सं उशीर केलात. येतो."

चार पंच मी जमवीन. पाचवी जागा चुलत्याची. बापाने लग्नात जो हात दिला तो बापाने परत घ्यायचा नाही, मुलीचा हात चुलत्याने धरायचा, ही आपली जुनी रीत तुझ्या लेखात आठव्या पानावर आहे. "रोचक" असं म्हटलंस तू तिला. चांगुणाला चुलता एकच आहे.

तू येणार नाहीस ही भीती मला का वाटते, तेही लिहितो. तुझ्या सासरी, ठाण्याला, तू आपल्या आईविषयी काय सांगितलंस मला माहीत आहे. तुझे सासरे मला म्हणाले होते, "तुमच्या मातोश्री म्हणे फार सोवळ्या होत्या." मी मान हलवली.

आईचं पहिलं घर गोराईला होतं. तिने तिथली काडी मोडली आणि बाबांशी पाट लावला, सत्त्याण्णवच्या आधी दोन वर्षं. सत्त्याण्णवला मी झालो, आणि अकरा वर्षांनी तू. तुझ्या तक्त्याला तेवढं मागे नेलंस तर पंचाण्णव सालासमोर एक येईल. ती आपली आई. मोडलेल्या काडीतून आपण दोघे जन्मलो, जना. ते दार त्या दिवशी बंद असतं तर ठराव लिहायला तू नसतास आणि वाचायला मी नसतो.

आई ते कधी लपवत नसे. पाट्या उतरवून बसली की म्हणायची, "पयला दुखायचा, दुसरा बरा." चपलेविषयी बोलावं तसं. बाबा शेजारी बसून हसत. लाज तू शाळेतून आणलीस, आणि मी ती तुझ्या हातून प्रसादासारखी घेतली, कारण तू शिकलेला होतास आणि मला तुझा अभिमान होता.

वैशाखात ये. गाडीभाडं पाठवू का?

दादा


३० मार्च १९४७

जना,

सात ओळी पाठवल्यास. "असेंब्लीत घटस्फोटाचं बिल येत आहे. लवकरच हिंदूमात्राला कोर्टातून सोडचिठ्ठी मिळेल. जुन्या रूढीत परत शिरण्यापेक्षा थांबावं. शिवाय मी ठरावाचा कर्ता, मी पंचात बसलो तर शोभेल का?"

बिलाचं मी वर्तमानपत्रात वाचलं. कोण मागतंय ते बिल, ते पाहिलंस का? ज्या वरच्या लोकांसारखं दिसावं म्हणून आपण आपलं दार बुजवलं, तेच. त्यांच्या लेकींना दार नव्हतं, त्या भिंतीवर डोकी आपटत होत्या, आणि आपण खालून पाहून म्हणालो, वा, काय सुरेख भिंत. आता ते कायद्याने भिंत पाडून घेत आहेत. चांगलं करताहेत, देव त्यांचं भलं करो. पण आपण? आपल्या अंगणात फुकट मिळणारी वस्तू आपण टाकून दिली, आणि आता ती ठाण्याच्या कोर्टात वकील लावून मागायची. काळूरामची पोरं तोवर काय खाणार, बिल?

कायदा झाला की आकडा चढेल. मग तू आणखी एक लेख लिहिशील, "स्वातंत्र्याच्या वाऱ्याने संसार मोडू लागले." आधीच सांगून ठेवतो, तसं लिहू नकोस.

धर्मा पाटलाकडे गेलो होतो. म्हातारा पंचाहत्तरीचा झाला, दात गेले, जीभ शाबूत. म्हणाला, "या सेक्रेटरी! कलम चार वाचलंत तवा काय आवाज होता तुमचा! देवीच्या मागची वटवागळां उडाली." तो पुढे म्हणाला, "मी तवा बोललो न्हाय. वाटला, शिकलेली मानसा हायेत, काय तरी बघितला आसंल पुस्तकात."

"काही नव्हतं पुस्तकात," मी म्हणालो.

"मंग येतो मी. वालीत टाकतील. टाकू देत. मना आता किती दिस जेवायचा हाय जातीबरूबर?"

चार पंच झाले. मी सेक्रेटरीपण सोडलं, वही धर्माच्या ओट्यावर नेऊन ठेवली. देवीच्या मांडवात थोडा वेळ एकटाच बसलो. आपली गावदेवी एकटी आहे, शेजारी नवरा नाही. आजवर कोणा पंचाने तिला विचारलं नाही की बाई, तुझा कुठे गेला. तिच्या पुढ्यात उभं राहून मी ते कलम वाचलं. रोज दिवा लावताना आठ वर्षं तिच्याकडे पाहत होतो आणि तिने काय ऐकलं असेल हे एकदाही मनात आलं नाही.

वैशाख शुद्ध दशमी, सकाळी. स्टेशनवर गाडी पाठवतो. शोभेल की नाही हे तू विचारलंस. एका पोरीचा हात धरायचा आहे, जना. सभेत भाषण नाही.

दादा


२ मे १९४७

जना,

गाडी स्टेशनवरून रिकामी आली. दोन लोकल पाहून गाडीवान परतला.

धर्माच्या अंगणात सगळे बसले होते. पदू वेळेवर आला, सोबत दुसरी बायको. ती चांगुणासाठी घरची पापडी घेऊन आली होती. दोघी एका खांबाशी बसून बोलत होत्या, काय ते मला ऐकू आलं नाही. उत्तनहून टेरेझाबाई आली, डोक्यावर पांढरी ओढणी, देवळात जाते तशी. काळूराम रीतीप्रमाणे कुंपणाबाहेर उभा होता. वाट पाहता पाहता ऊन अंगणात उतरलं. धर्मा म्हणाला, "चुलता कुठं हाय?"

मी सांगितलं, आला नाही.

पंच एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, चुलत्याशिवाय होत नाही, पुढे काळूरामच्या भाऊबंदांनी मोडता घातला तर? तुझी वहिनी, जी आजवर पंचांपुढे बोलली नाही, पदर सारखा करून म्हणाली, "चुलता गावाला असला का त्याचं पागोटं ठेवायचं, आसा माजी सासू सांगायची." धर्माने मान हलवली. खरं आहे, पूर्वी लढाईवर गेलेल्या चुलत्यांचं तसं करत.

तुझं पागोटं आपल्या घरात कुठलं? तू बांधलंच नाहीस कधी. धोतर नाही, छत्री नाही. सगळं घर पालथं घातलं, जना. तुझ्या हाताची एकच वस्तू सापडली. तुझा लेख, पहिल्या पानावर तुझं अक्षर असलेला. तो आणला. धर्माने उलटसुलट करून पाहिला, त्याला वाचता येत नाही. "ह्ये त्याचाच हाय ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, त्याचाच.

तो गुंडाळून चांगुणाच्या डाव्या मनगटाखाली टेकू दिला, चुलत्याचा हात असतो तसा. उजव्या हातात काडीचं एक टोक. दुसरं पदूच्या हातात. धर्माने तीनदा विचारलं, दोघांनी तीनदा हो म्हटलं.

काडी मोडली. एवढीशी गोष्ट असते ती. अर्धी घटकासुद्धा लागली नाही.

चांगुणा मात्र तशीच बसून राहिली, उरलेला तुकडा धरून. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मोडली का, बा? मना आवाज न्हाय आयला."

मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. उठलो, पलीकडे गेलो, आणि तिच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं, मोडली.

दामोदर

ता. क. लेखाला मनगटाचा घाम लागून पहिल्या पानावरची शाई उतरली आहे. परत पाठवत नाही. सत्तेचाळीस सालासमोर एक लिही. एकोणचाळीससमोरचंही दुरुस्त कर. तिथे काय लिहायचं ते आता तुला माहीत आहे.